पाडण्याआधी पाहावयास शिका

मुंबईच्या फोर्ट भागात रविवारी सकाळी रस्ते मोकळे असतात. अशा वेळी पंधरा-वीस माणसांचा एक जथा कडेकडेने चालताना दिसतो. पुढे एक वास्तुविशारद, मागे ऐकणारे. मध्येच सारे थांबतात, माना वर करतात, कमानीखालचे कोरीव पान पाहतात, काही विचारतात आणि पुढे जातात. आभा बहल आणि बृंदा गया या दोन वास्तुविशारद स्त्रियांनी १९९९ मध्ये ‘बॉम्बे हेरिटेज वॉक्स’ या नावाने असा उपक्रम सुरू केला. त्याच वर्षी सुरू झालेल्या काळा घोडा कला महोत्सवातही अशा वास्तुदर्शनाला जागा मिळत गेली. पुढे अनेकांनी हा कित्ता गिरवला. आज मुंबईकर पैसे मोजून आपलेच शहर नव्याने पाहावयास शिकत आहेत.

या उपक्रमाचे नाव काढले की आपल्या मंडळींत दोन उद्गार हमखास ऐकू येतात. पहिला उद्गार असा, की हे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत. दुसरा अधिक धार्मिक सुरात येतो: चर्च म्हणजे भिंती नव्हेत, चर्च म्हणजे माणसे, मग भिंतींचे एवढे कौतुक कशाला? हे दोन्ही उद्गार आम्हांस मान्य नाहीत. पहिल्यात थोडे तथ्य आहे, दुसऱ्यात पुष्कळ आहे. परंतु दोहोंचा उपयोग आज एकाच कामासाठी होत आहे, आणि ते काम म्हणजे जुनी ख्रिस्तमंदिरे निर्धास्तपणे पाडणे किंवा ओळखू येणार नाहीत इतकी बदलून टाकणे. आमचे म्हणणे स्पष्ट आहे. जी वास्तू आपणांस वाचता येत नाही, तिच्यावर हातोडा चालविण्याचा नैतिक अधिकार आपणांस नाही. मग ठराव करणारी धर्मग्राम परिषद असो की धर्मगुरू.

तेल्हाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी बसून मुंबईच्या इमारतींची उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. त्याला उत्तर आहे, आणि ते आपल्या काळ्या मातीत आहे. वऱ्हाड प्रांत १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या सुगीचा पैसा मुंबईत साठला. गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या काळात किल्ल्याचे तट पाडले गेले आणि मोकळ्या झालेल्या जागेवर पुढे भव्य सार्वजनिक इमारती उभ्या राहिल्या. कापसाच्या सट्ट्यातील बादशहा प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या आईच्या नावाने मनोरा बांधण्यासाठी देणगी दिली, तोच १८७८ मध्ये पूर्ण झालेला राजाबाई टॉवर. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचली आणि वऱ्हाडचा कापूस थेट मुंबई बंदरात जाऊ लागला. त्याच रेल्वे कंपनीने १८७८ मध्ये आपल्या मुख्यालयाचे आणि स्थानकाचे काम सुरू केले, ते दहा वर्षे चालले. तेच बोरीबंदर, आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस.

म्हणजे अकोल्याहून रात्रीच्या गाडीने निघालेला वऱ्हाडी माणूस पहाटे ज्या घुमटाखाली उतरतो, त्या घुमटाच्या खर्चात त्याच्या पणजोबाच्या कापसाच्या गाठींचे भाडे आहे. तो माणूस मात्र खांद्यावरची पिशवी सावरत, मान खाली घालून लोकलकडे धावतो. आपले जे आहे ते आपले आहे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याच्या वतीने ते कोण राखणार? वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचे नाव इतिहासात राहिले, ते योग्यच झाले. परंतु त्या स्थानकावरील कोरीव पाने, पक्षी, प्राणी घडविण्यात मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांचे हात होते. राजाबाई टॉवरचा आराखडा करणारे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट हिंदुस्थानात कधी आलेच नाहीत. त्या मनोऱ्यावरील पश्चिम हिंदुस्थानातील जातीजमातींच्या मूर्तींची घडण रावबहादूर मुकुंद रामचंद्र या आपल्या माणसाची. हे सारे ज्याला कळते, त्याला ती इमारत परक्याची वाटत नाही. वास्तुदर्शनाचा खरा लाभ हा आहे. शैलींची नावे विसरली तरी चालतील. आपला वाटा विसरता कामा नये.

आता आपल्या ख्रिस्तमंदिरांकडे वळू. दरवर्षी सप्टेंबरात बांद्र्याच्या मरियामातेच्या जत्रेला वऱ्हाडातूनही भाविक जातात. माहीमच्या बुधवारच्या नोव्हेनाला जातात. मेणबत्ती लावतात, नवस फेडतात, प्रसादाची पुडी घेऊन परततात. ही भक्ती खरी आहे, तिचा अनादर आमच्याकडून होणार नाही. परंतु बांद्र्याच्या टेकडीवरची आजची वास्तू १९०४ मधील आहे आणि तिचे आरेखन करणाऱ्या वास्तुविशारदाचे नाव शापूरजी चांदाभॉय होते, हे परतलेल्या किती जणांना सांगता येईल? कुलाब्याचे होली नेम कॅथेड्रल डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी आरेखिले, ते १९०५ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या उंच छताखाली उभे राहिले की मान आपोआप वर जाते आणि आवाज आपोआप खाली येतो. हा परिणाम अपघाताने घडलेला नाही. कोणीतरी विचारपूर्वक उंची ठरविली, खिडकी कोठे असावी हे ठरविले, उजेड वेदीवर कसा पडावा हे ठरविले. ती उंची म्हणजे दगडात केलेले धर्मशिक्षण आहे. ज्या धड्यासमोर आपण दर रविवारी उभे राहतो, तो वाचून दाखविण्यासाठी बाहेरचा माणूस यावा लागतो, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

येथे वास्तुविशारदांशीही आमचे एक भांडण आहे, तेही सांगून टाकू. ओव्हल मैदानाच्या पूर्वेस व्हिक्टोरियन गॉथिक इमारती आणि पश्चिमेस आर्ट डेको इमारती उभ्या आहेत. या समूहाला २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. मैदानाच्या मध्ये उभे राहून दोन्ही बाजूंचा भेद समजावून सांगणे, हा अशा फेरीचा आवडता भाग आहे. परंतु त्याच मैदानावर १९६४ च्या डिसेंबरात आंतरराष्ट्रीय पवित्र मिस्सा परिषदेसाठी पोप सहावे पॉल आले होते. हिंदुस्थानच्या भूमीवर पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. त्यांच्या दर्शनासाठी लोटलेल्या समुदायात ख्रिस्तेतर बांधवही मोठ्या संख्येने होते. ज्या घरात कोणी आजी-आजोबा त्या गर्दीत होते, त्या घराच्या दृष्टीने ओव्हल मैदान ही दोन वास्तुशैलींमधली मोकळी जागा नाही. वास्तुविशारद दगडाची भाषा सांगतो. त्या दगडांमध्ये कोणी गुडघे टेकले, कोणी अश्रू ढाळले, कोणाचे विवाह लागले, कोणाच्या शवपेटिका निघाल्या, हे त्याने सांगावे अशी अपेक्षा करणे अन्याय होईल. ते सांगणे हे आपले काम आहे. आपण ते करीत नाही, आणि वर ‘त्यांना श्रद्धेतले काय कळते’ म्हणून नाक मुरडतो.

मुंबईच्या इमारतींना निदान कायद्याचे छत्र आहे. १९९५ मध्ये बृहन्मुंबईसाठी वारसा नियमावली लागू झाली. इमारतींच्या श्रेणी ठरल्या. सूचीतील वास्तूला धक्का लावण्यापूर्वी परवानगी घेणे भाग पडले. खेड्यापाड्यांतील, तालुक्याच्या गावांतील साध्या मिशन चर्चांवर असे छत्र क्वचितच असते. त्यांचे रक्षण करणारे दोघेच: धर्मगुरू आणि धर्मजन. आणि त्यांना धोका कोणापासून आहे? पुन्हा त्या दोघांपासूनच.

वसईच्या किल्ल्यातील चर्चे १७३९ च्या मराठ्यांच्या विजयानंतर ओस पडत गेली, हा इतिहास आपल्या समाजाला ठाऊक आहे. त्या विजयाशी जोडलेली एक पोर्तुगीज घंटा नाशिकच्या नारोशंकर मंदिरावर आजही आहे. तिच्यावर १७२१ हे साल आहे. युद्धात मिळालेली परक्या धर्माची घंटा त्या लोकांनी पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ सांभाळली. आणि आपल्याकडे? विजेवर वाजणारा भोंगा आला म्हणून जुनी घंटा भंगारवाल्याच्या काट्यावर चढविली गेल्याची उदाहरणे आहेत. सागवानी बाके जळाऊ लाकडाच्या भावाने गेली. मिशनऱ्यांच्या काळातील वेदी फोडून तिच्या जागी चकचकीत ग्रॅनाइट आले. हे कोणा शत्रूने केलेले नाही. रीतसर सभा भरवून, ठराव करून, वर्गणी गोळा करून, भूमिपूजनाला फुगे लावून केलेले आहे.

या नूतनीकरणात नेमके काय होते, ते वऱ्हाडापुरते पाहू. वास्तुविशारद आपल्या एखाद्या जुन्या चर्चभोवती फेरी मारील तर पहिल्या दहा मिनिटांत तो जोत्याकडे बोट दाखवील. हे जोते एवढे उंच का? आपली काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावर थेट भिंत उभारली तर भिंत तडकते. म्हणून जाणते गवंडी माती काढून खाली मुरूम लागेपर्यंत पाया खणीत आणि जोते पुरेसे वर घेत. मग तो भिंतींच्या जाडीकडे पाहील. अकोल्याच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांवर जातो; जाड भिंत दिवसभराचे ऊन आत पोहोचू देत नाही. मग छपराची उंची आणि वरचे झरोके. तापलेली हवा वर चढते आणि झरोक्यांतून बाहेर पडते. विजेचा पंखा गावात येण्यापूर्वी लग्नाची दीर्घ मिस्सा भर उन्हाळ्यात शक्य होत असे, ती या व्यवस्थेमुळे.

शेवटी तो गिलाव्यावर हात फिरवील. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात अकोट, तेल्हारा, बाळापूर, दर्यापूर असे तालुके येतात. येथील जमिनीत आणि पाण्यात क्षार आहेत. भिंतीत ओल चढली की क्षारही चढतात, ओल सुकली की ते पृष्ठभागावर फुलतात. यालाच आपण लोणा लागणे म्हणतो. जुना चुन्याचा गिलावा ही ओल बाहेर जाऊ देतो. तो स्वतः झिजतो, पण आतली वीट वाचवितो. दहा-वीस वर्षांनी गिलावा बदलला की भिंत पुन्हा ठणठणीत. आता नूतनीकरणवाले येतात. त्यांना पोपडे दिसतात, कारण दिसत नाही. चुना खरवडून त्यावर सिमेंटचा घट्ट लेप बसतो, त्यावर ऑइल पेंट. दोन वर्षे भिंत आरशासारखी दिसते. आत कोंडलेली ओल मात्र क्षारांसह विटेतच राहते आणि विटेचा भुगा करू लागते. वर झरोके बुजवून फॉल्स सीलिंग लावले जाते, हवा कोंडते, मग वातानुकूलन यंत्राची वर्गणी निघते. पाच-सात वर्षांनी भिंत सुटते आणि मग म्हणतात, ‘इमारत धोकादायक झाली आहे, पाडावीच लागेल.’ इमारत धोकादायक झाली नव्हती; तिला धोकादायक करण्यात आले होते.

हे समजण्यासाठी आर्किटेक्टची पदवी लागत नाही. कोणी एकदा तासभर हिंडवून दाखविले की दहावीतील मुलालाही समजते. वास्तुदर्शनाची फेरी हा चोचला नव्हे असे आम्ही म्हणतो, ते याचसाठी.

आता आक्षेपांकडे. ‘चर्च म्हणजे भिंती नव्हेत, माणसे’, हा सर्वांत आवडता आक्षेप. खरे आहे. परंतु ज्या संत पेत्राने भाविकांना जिवंत दगडांची उपमा दिली, त्याने उपमेसाठी बांधकामच निवडले. कमानीतील प्रत्येक दगड शेजारच्याला रेटतो आणि त्याच रेट्यावर स्वतः तरतो. मधला एक काढला तर सारी कमान कोसळते. हे ज्याने डोळ्यांनी पाहिलेले नाही, त्याला ती उपमा अर्धीच कळते. शिवाय भिंती म्हणजे माणसे नव्हेत हे मान्य केले, तरी त्या भिंती माणसांनीच उभारल्या. अर्धा दिवस मजुरी करून उरलेला अर्धा दिवस चर्चसाठी दगड वाहणारे ते पूर्वज ‘माणसे’ या शब्दात बसत नाहीत काय?

दुसरा आक्षेप गरिबांच्या नावाने येतो. जुन्या इमारतीवर खर्च करण्याऐवजी तो पैसा गरिबांना द्यावा. बेथानी येथे मरियेने प्रभूच्या चरणांवर बहुमोल सुगंधी तेल ओतले, तेव्हाही हाच आक्षेप घेण्यात आला होता. तो कोणी घेतला आणि कोणत्या हेतूने, हे संत योहानाच्या शुभवर्तमानात वाचकांनी वाचलेले आहे. आक्षेप घेणाऱ्या प्रत्येकाचा हेतू तसाच असतो असे आम्ही म्हणत नाही. परंतु हिशेब तरी करून पाहा. छपराची कौले बदलणे, पन्हाळी साफ ठेवणे, चुन्याचा गिलावा दुरुस्त करणे यांचा खर्च नव्या ग्रॅनाइटच्या वेदीशी आणि काचेच्या दर्शनी भागाशी ताडून पाहा. जतनाचा मार्ग बहुधा स्वस्त असतो, आणि त्याची मजुरी गावच्या गवंड्याला मिळते. गरिबांचा कैवार आठवतो तो दुरुस्तीच्या वेळी. ग्रॅनाइटच्या वेळी तो कोठे जातो? असिसीकर संत फ्रान्सिस याच्याइतका दारिद्र्याचा उपासक दुसरा कोण? त्याने आपल्या पाचारणाचा आरंभ संत दामियानोचे मोडकळीस आलेले चर्च स्वतःच्या हातांनी दुरुस्त करण्यापासून केला, आणि त्यासाठी दारोदार दगड मागितले. आपल्याच वऱ्हाडात जन्मलेल्या संत गाडगेबाबांनी स्वतःसाठी झोपडीही बांधली नाही. परंतु पंढरपूर, नाशिक येथे वाटसरूंसाठी धर्मशाळा उभारल्या आणि हातात अखेरपर्यंत खराटा धरला. जागेची निगा राखणे आणि गरिबांची सेवा यांत त्यांना विरोध दिसला नाही.

तिसरा आक्षेप प्रामाणिक आहे: लोक वाढले, जागा पुरत नाही. अशा वेळी बांधावेच लागेल; नवे बांधण्यास आमचा विरोध नाही. दादरचे आवर लेडी ऑफ साल्व्हेशन चर्च पाहा. पोर्तुगीज काळापासूनच्या त्या धर्मग्रामासाठी १९७० च्या दशकात चार्ल्स कोरिया या थोर वास्तुविशारदाने नवे मंदिर आरेखिले. त्यात जुन्याची नक्कल नाही. परंतु मुंबईच्या हवेचा विचार आहे, वारा खेळविणारे चौक आहेत, एकत्र जमणाऱ्या समुदायाचा विचार आहे. आज वास्तुकलेचे विद्यार्थी ते पाहावयास जातात. नवे बांधावयाचे तर असे, पुढच्या पिढीने पाहावयास यावे असे. लग्नाच्या सभागृहासारखा एक डबा उभारून त्यावर क्रूस बसविला म्हणजे ख्रिस्तमंदिर होत नाही.

चौथा आक्षेप असा, की वास्तुविशारद म्हणजे काही देववाणी नव्हे. अगदी मान्य. जुन्या गोव्यातील बॉम जेझूस बासिलिका हे त्याचे ठळक उदाहरण. १६०५ मध्ये अभिषिक्त झालेले हे मंदिर, संत फ्रान्सिस झेवियर यांचे पवित्र अवशेष ज्यात आहेत ते. त्याच्या बाहेरील भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात बाल्ताझार कास्त्रो या पोर्तुगीज वास्तुविशारदाच्या हुकुमाने तो गिलावा काढण्यात आला, का तर उघडा दगड अधिक प्राचीन दिसतो. तेव्हापासून तो मऊ जांभा दगड गोव्याचा पाऊस अंगावर झेलीत आहे, झिजत आहे, आणि गिलावा पुन्हा लावावा की नाही हा वाद या शतकातही चालू राहिला आहे. म्हणजे तज्ज्ञही दिसण्याच्या मोहात पडतो. परंतु यातून निष्कर्ष काय निघतो? तज्ज्ञाला दूर ठेवावे हा नव्हे. तज्ज्ञाला प्रश्न विचारू शकेल इतके ज्ञान धर्मग्रामाजवळ असावे, हा निघतो. ज्या लोकांना आपली भिंत कळते, त्यांची भिंत कोणी सहज सोलू शकत नाही.

आणि हे सारे आम्ही पदरचे सांगत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ मध्ये उपासनेवरील संविधान प्रसिद्ध केले. त्यात पवित्र कलेसाठी एक संपूर्ण प्रकरण आहे. मौल्यवान वस्तू विकल्या वा नष्ट केल्या जाऊ नयेत याची दक्षता महागुरूंनी घ्यावी, असे त्यात सांगितले आहे. आणि धर्मगुरूपदाच्या उमेदवारांना सेमिनरीतच पवित्र कलेचा इतिहास शिकवावा, म्हणजे ख्रिस्तसभेच्या पुरातन वास्तूंचे मोल जाणून ते त्यांचे जतन करतील, असेही म्हटले आहे. १९८३ च्या धर्मविधानाचा १२१६ वा नियम तर चर्च बांधताना आणि दुरुस्त करताना तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा असे सांगतो. ‘दुरुस्त करताना’ हा शब्द अधोरेखित करण्याजोगा आहे. कंत्राटदार हा तज्ज्ञ नव्हे. तो सज्जन असेल, रविवारी पहिल्या बाकावर बसत असेल. परंतु जितके अधिक पाडले जाईल तितके अधिक बांधावे लागेल, हा त्याच्या धंद्याचा नियमच आहे. त्याच्या सल्ल्याने पाडायचे ठरविणे म्हणजे खाटकाला गाईच्या प्रकृतीविषयी विचारण्यासारखे आहे.

अमेरिकेतील शिकागो शहरात वास्तुदर्शनाची चळवळ कशी सुरू झाली, हे येथे सांगण्याजोगे आहे. तेथे एका मागून एक चांगल्या इमारती पाडल्या जात होत्या. १९६६ मध्ये ग्लेसनर हाऊस नावाचे एक उत्तम घर वाचविण्यासाठी काही नागरिक एकत्र आले, त्यांनी ते विकत घेतले. त्यातून जी संस्था निघाली, तिने पुढे सामान्य नागरिकांना शिकवून स्वयंसेवक वाटाडे तयार केले. गृहिणी, शिक्षक, निवृत्त कारकून आपल्या शहराच्या इमारती पाहुण्यांना समजावून सांगू लागले. म्हणजे ही चळवळ करमणुकीतून जन्मली नाही, नाशाच्या भीतीतून जन्मली. आणि ती तज्ज्ञांपुरती राहिली नाही, लोकांच्या हाती आली. पॅरिसचे नोत्र दाम कॅथेड्रल २०१९ च्या एप्रिलमध्ये पेटले, तेव्हा आपल्या घराघरांतही दूरदर्शन संचासमोर लोक हळहळले. २०२४ च्या डिसेंबरात ते पुन्हा उघडले. छताचे ओक वृक्षांचे वासे जुन्या पद्धतीने कुऱ्हाडीने तासणारे सुतार तेथे सापडले, कारण ते कसब कोणीतरी जिवंत ठेवले होते. पॅरिसच्या छतासाठी हळहळायचे आणि आपल्या गावच्या छपराची सागवानी कैची ट्रकात घालून विकायची, ही विसंगती आता पुरे झाली.

मग करावयाचे काय? आमच्या सूचना साध्या आहेत. कोणत्याही जुन्या ख्रिस्तमंदिराला हात लावण्याचा ठराव येण्यापूर्वी, जतनाच्या कामाची माहिती असलेल्या वास्तुविशारदाला बोलवावे आणि त्याच्याबरोबर सगळ्या धर्मग्रामाने आपल्याच मंदिराची फेरी करावी. अकोला, अमरावती, नागपूर येथे असे जाणकार मिळू शकतात; ते ख्रिस्ती असले पाहिजेत असे मुळीच नाही. बांद्र्याचे मंदिर आरेखिणाऱ्याचे नाव पुन्हा एकदा आठवावे. त्या फेरीत गावातील सर्वांत वृद्ध स्त्रीने वास्तुविशारदाच्या शेजारी चालावे. तो कमानीविषयी सांगील, ती त्या कमानीखालून गेलेल्या वरातींविषयी सांगील. युवकांनी दोघांचे बोलणे टिपून घ्यावे, मापे घ्यावी, छायाचित्रे काढावी, कोनशिलेवरील अक्षरे उतरवून घ्यावी, बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्यांतून पहिल्या कुटुंबांची माहिती जुळवावी. १९५५ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतात जी जुनी मंदिरे आहेत, त्यांची अशी एकेक वही तयार झाली, तर पुढच्या महागुरूंना आणि धर्मगुरूंना ती ठेव होईल. आमच्याच तालुक्याच्या शेजारी नरनाळ्याचा किल्ला आहे. त्याचा पंधराव्या शतकातील महाकाली दरवाजा पाहावयास शाळेच्या सहली जातात आणि सांगणारा कोणी नसल्यामुळे मुले दगडावर नावे कोरून परततात. आपल्या युवकांना एकदा पाहण्याची सवय लागली, तर त्या दरवाजासमोर उभे राहून चार शब्द सांगणारेही त्यांच्यातूनच निघतील. ती सेवा साऱ्या समाजाची होईल.

मुंबईला जत्रेसाठी जाणाऱ्या मंडळींनी परतीच्या गाडीपूर्वीचे दोन-तीन तास राखून ठेवावे. फोर्टात पायी हिंडावे, होली नेममध्ये शांतपणे बसावे, ओव्हलच्या कडेला उभे राहून घरातील वडीलधाऱ्यांनी १९६४ ची गोष्ट मुलांना सांगावी. बहुतेक फेऱ्या इंग्रजीत होतात आणि त्यांचे शुल्क सर्वांना झेपत नाही, ही तक्रार खरी आहे. तिचे उत्तर तोंड फिरवणे हे नव्हे. मराठीतून सांगणारे आपले वाटाडे तयार करणे हे आहे. आणि शहरांतील चर्चांनी दर्शनार्थी आले तर दार लावून घेऊ नये. मिस्साच्या वेळा सोडून यावे, शांतता राखावी, वेदीजवळ छायाचित्रे काढू नयेत, एवढे नियम पुरेत. मंदिराची भिंत पाहावयास आलेला माणूस केव्हा वेदीसमोर थांबेल, हे आपण ठरवीत नाही. ते ठरविणारा दुसरा आहे.

आज ज्या धर्मग्रामात नूतनीकरणाची पावती-पुस्तके छापून तयार आहेत, त्यांना आमची हात जोडून विनंती आहे. पुस्तके एक महिना कपाटात ठेवा. त्या महिन्याच्या एका रविवारी मिस्सानंतर सर्व कुटुंबांनी मंदिराच्या बाहेरून एक प्रदक्षिणा घालावी, मग आतून एक. जोते पाहावे, भिंत चाचपावी, झरोके मोजावे, छपराकडे पाहावे, आणि हे असे का केले असेल हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी मोठ्याने विचारावा. ज्या प्रश्नांची उत्तरे मिळाली नाहीत ते लिहून काढावे. त्यांची उत्तरे मिळाल्यावर, नंतरच सभा बोलवावी.